हरणीची दोन कोकरं

बारामती, ३ फेब्रुवारी २०२५

सुप्रे,

तू मला ब्लॉक केलंस म्हणून हा कागद. पळसदेवला घरी पाठवला असता तर पोस्टमननं तो तात्यांच्या हातात दिला असता, तात्यांनी तो तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवला असता, आणि मग ती, माझी थोरली आई, दोन दिवस धड जेवली नसती. म्हणून लोणी देवकरला, तुझ्या कंपनीच्या गेटवर पाठवतेय. सिक्युरिटीवाल्यानं फोडून वाचला तरी त्याला जीनोममधलं काय कळणार आहे?

आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. संक्रांतीला मी एवढंच म्हणाले होते की रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं उलटसुलट झाली असणार. लेबलं तू लिहिली होतीस म्हणून तुझं नाव निघालं. त्यावर तू जे बोललीस ते मी इथं लिहीत नाही. ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि हळदी-कुंकवाला आलेल्या निम्म्या पळसदेवलाही माहीत आहे.

तर कामाचं बोलू. दिवाळीत आपण तात्यांच्या मेंढ्यांचं रक्त घेतलं. जनावरांचे डॉक्टर सुई टोचत होते, तू माना धरत होतीस आणि मार्करनं नळीवर नाव घालत होतीस. कुणाचं कोकरू कोणतं ते मी तात्यांना विचारून लिहून घेत होते. त्या नळ्या पुण्याला गेल्या आणि परत आल्या त्या फायली होऊन. तुला वाटत असेल मी इथं पांढरा कोट घालून मिरवते. कोट खुंटीला आहे. माझ्यासमोर असतो काळा स्क्रीन आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. कांद्याची साल रंगवून पेशी बघितल्या की बीएस्सीला आपल्याला केवढं शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटायचं! इथं पेशी दिसतच नाही. ए, टी, जी, सी, एवढी चारच अक्षरं, आणि त्यांच्या न संपणाऱ्या ओळी. त्यात एक अख्खी मेंढी असते म्हणे.

सुरुवातीला फार रडले. काळतोंडीच्या फाइलचं नाव लिहिताना मी मध्ये चुकून मोकळी जागा सोडली. कम्प्युटर म्हणाला, 'काळ' नावाची फाइल सापडत नाही, आणि 'तोंडी' नावाचीही सापडत नाही. ती एवढीशी मोकळी जागा शोधण्यात माझा दिवस गेला. तू असतीस तर खो खो हसली असतीस.

प्रश्न असा आहे. मेंढीच्या त्या सगळ्या अक्षरांत एका ठरावीक ठिकाणी एक अक्षर बदललेलं असलं, की तिला जुळी व्हायची शक्यता बरीच वाढते. थोरल्या आईच्या माहेरी फलटणकडून एक मेंढा आणला होता, त्याच्यात ते बदललेलं अक्षर होतं. हरणी आणि काळतोंडी दोघी त्याच्याच लेकी, दोघी माहेरची भेट म्हणून एकदमच आपल्याकडं आल्या. हरणीला दोन्ही वेळा जुळी. काळतोंडीला दोन्ही वेळा एकेक. म्हणजे ते अक्षर हरणीत असायला हवं. पण ते हरणीत नाहीच. काळतोंडीत आहे.

आता मी लेबलांचं नाव घेणार नाही तर कुणाचं घेणार? एका ओळीत कळव, नावं घालताना दोघींच्या नळ्या एकदम हातात होत्या का? हो किंवा नाही. जास्त काही लिहू नकोस.

सुकन्या

बारामती, ११ फेब्रुवारी

सुप्रे,

उत्तर नाही. ठीक आहे.

मी सारखी उठते आणि बसते. कालव्याच्या कडेनं चालत जाते, अर्ध्या वाटेत काहीतरी सुचतं म्हणून धावत परत येते, आणि खुर्चीत बसेपर्यंत सुचलेलं चुकीचं ठरलेलं असतं. माझी रूममेट उत्कर्षा म्हणते, तुझ्याकडं बघूनच मला दमायला होतं. तिचं बरं आहे. तिनं कुठल्यातरी जंतूची तयार माहिती इंटरनेटवरून उतरवून घेतली आणि तिचा प्रबंध बांधायला गेलासुद्धा. तिच्या जंतूला कुणी नाव ठेवलेलं नाही, त्याला आई नाही, त्याच्या घरचं कुणी तिला ओळखत नाही.

आमच्या राजेश्वरी मॅडम चांगल्या आहेत, पण त्यांनी माझा तक्ता बघितला आणि म्हणाल्या, "हरणी आणि काळतोंडी, दोघी काढून टाक. गोंधळ मेंढीत नसतो, नळीत असतो. प्रबंधाला काही धक्का लागत नाही." एक बटण दाबलं की दोघी गेल्या. मी बोट तिथं नेलं आणि परत घेतलं. बीएस्सी झालेल्या माझ्या बहिणीला दोन नळ्या सांभाळता आल्या नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. तो मी तोंडानं बोलले होते हे खरं, पण प्रबंधात घालायला हात होईना.

आणि काल कन्हेरीहून, घरून, आप्पांचा फोन आला. मी कशी आहे ते विचारून झालं, आईचे गुडघे झाले, आणि मग म्हणाले, "तात्यानं मेंढरं कमी करायची ठरवल्यात. समदीकडं ऊस झाला, चारायचं कुठं? येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी इंदापूरच्या बाजारात नेणार. म्हातारी, लंगडी, आन् ती काळतोंडी." मी म्हटलं, काळतोंडी का? "एकच कोकरू देती आन् लाथा झाडती. ठिवून करायचं काय?"

सुप्रे, तुझी लेबलं जर बरोबर असतील तर तात्या नेमकी ती मेंढी विकायला काढतायत जिच्यासाठी लोक फलटणपर्यंत हेलपाटे घालतात. ती बाजारातून कुठं जाईल हे तुला मी सांगायला नको. आणि लेबलं चुकली असतील तर मी उगाच आकांत करतेय. मला दोन्हीतलं काय खरं ते कळलं पाहिजे. ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?

माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. काळतोंडीनं काय केलंय?

सुकन्या

बारामती, १८ फेब्रुवारी

सुप्रे,

लेबलं बरोबर होती. सगळीच्या सगळी.

कशी ते सांगते. तुला समजेल, तू वर्गात माझ्यापेक्षा हुशार होतीस. प्रत्येक कोकराला प्रत्येक ठिकाणी एक अक्षर आईकडून मिळतं आणि एक बापाकडून. आईकडं दोन्ही अक्षरं ए असतील, तर तिच्या कोकराकडं दोन्ही जी असूच शकत नाहीत. निदान एक ए पाहिजेच. अशी हजारो ठिकाणं तपासायची. खऱ्या माय-लेकरांत सगळीकडं जुळतं, परक्यांत जागोजागी फाटतं. गेल्या वेताच्या हरणीच्या दोन लेकी घेतल्या, चंद्री आणि ठिपकी. चंद्री हरणीशी जुळली. ठिपकी फाटली. आधी वाटलं माझाच कोड चुकला. पुन्हा लिहिला, पुन्हा फाटली. तेवढ्यात लाईट गेली आणि अर्धवट झालेलं सगळं पहिल्यापासून चालवावं लागलं.

शेवटी चिडून मी आई कोण, लेकरू कोण हे कम्प्युटरला सांगायचंच सोडून दिलं. सगळी मेंढरं सगळ्यांशी ताडून बघ म्हटलं. ठिपकी जुळली काळतोंडीशी. काळतोंडीचा भुऱ्याही काळतोंडीशीच जुळला. नळ्यांची अदलाबदल झाली असती तर चंद्रीही काळतोंडीकडं गेली असती. ती हरणीचीच राहिली. म्हणजे अदलाबदल नळ्यांत झालेली नाही.

मी तिथं बसल्या बसल्या पाय पोटाशी घेतले. मला एकदम तुमचा वाडा दिसला. मेंढरांचा, उघड्या रानातला, जाळीचं कुंपण घातलेला. तात्या मेंढरांचं खांड घेऊन चारायला गेलेत, आज-उद्या विणाऱ्या मेंढ्या मागं ठेवल्यात, त्यांच्याजवळ तू आणि थोरली आई. एका मेंढीनं आपलं दुसरं कोकरू ढुशी मारून लांब लोटलंय. थोरली आई ते ओलं कोकरू उचलते, शेजारी विणाऱ्या मेंढीच्या अंगाखालचं पाणी त्याला चोळते आणि तिच्या तोंडासमोर ठेवते. ती हुंगते, चाटते, झालं. कोकरू लावलं. संध्याकाळी तात्या येतात तेव्हा त्या मेंढीला दोन कोकरं असतात.

आणि लावलेल्या कोकराच्या पहिल्या आईचं नाव घ्यायचं नाही. कधीच नाही. घेतलं तर दुसरी त्याला सोडते. हा आपल्या घरचा नियम. आपण लहान असताना मी एकदा विचारायला गेले तर थोरल्या आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. तिच्या हाताला लोकरीचा वास होता. म्हणून तात्यांना विचारलं तेव्हा त्यांनी खुशाल सांगितलं, "दोनी हरणीची." ते खोटं बोलले नाहीत. त्यांना तेवढंच माहीत होतं.

काळतोंडी कोकरू टाकते हे तात्यांना कळलं असतं तर त्यांनी तिला तेव्हाच बाजार दाखवला असता. माहेरची मेंढी जाऊ नये म्हणून तुम्ही दोघी गप्प राहिलात. आता तेच गप्प राहणं तिला बाजारात नेतंय.

आणि संक्रांतीला. मी सगळ्यांसमोर तुला वेंधळी म्हणाले, तात्या तिथंच बसले होते, थोरली आई वाण देत होती, आणि तू एका वाक्यात स्वतःला सोडवून घेऊ शकत होतीस. ठिपकी काळतोंडीची आहे, बस. नाही बोललीस. मेंढीसाठी नियम पाळलास आणि माझ्यासाठी मोडलास. "तू माझ्या आईची न्हाईस. दूध पिऊन गेलीस, आता अक्कल शिकवतीस." हे वाक्य मी लिहिणार नव्हते. लिहिलं.

माझी आई बाळंतपणात आजारी पडली आणि मला तुझ्या शेजारी थोरल्या आईच्या पदराखाली ठेवलं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कन्हेरीला परत नेलं तेव्हा मी चालायला लागले होते. पण ते कुणी कधी बोललं नव्हतं. बोललं नव्हतं तोवर पळसदेव माझं घर होतं.

मी चुकले, सुप्रे. लेबलांच्या बाबतीत पुरती चुकले. पहिलं पत्र माफीचं नव्हतं, हे आहे. आता तू बोल. तात्यांना सांग. रविवारी बाजार आहे.

सुकन्या

लोणी देवकर, कंपनीच्या गेटसमोरची टपरी, २१ फेब्रुवारी

सुप्रे,

पोस्टावर आता भरवसा नाही, वेळही नाही. हे मी सिक्युरिटीवाल्याच्या हातात देऊन जाणार आहे. तो म्हणाला तुझी शिफ्ट सुटायला अजून अवकाश आहे. थांबले असते. पण तू आलीस आणि तोंड फिरवून बसमध्ये चढलीस तर, एवढी हिंमत माझ्यात आज उरलेली नाही.

सकाळी पळसदेवला गेले होते. म्हटलं तू बोलत नसशील तर मी बोलते. धरणाचं पाणी खाली सरकायला लागलंय, मेंढरं काठच्या गाळावर उगवलेलं खात होती. तात्या खूश झाले. "आली का माझी डाक्टरीण!" म्हणाले. मी लॅपटॉप उघडला, आकडे दाखवले, म्हटलं तात्या, काळतोंडी विकू नका, जुळ्याचं अक्षर तिच्यात आहे.

तात्या हसले. "सुके, मी तिला दोनदा व्यालेली बघितली. दोनी येळंला एकच. तुझी मशीन काय म्हणती त्यापरीस मेंढी काय देती ते मी बघणार का न्हाय?"

"तात्या, पण तिला एकच झालं कशावरून?"

"आता तिच्या पोटाला एकच दिसतं, मग दुसरं काय गिळलं का तिनं?"

थोरली आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, सुप्रे. लहानपणी तोंडावर हात ठेवला होता ना, तशी. ठिपकी तिथंच हरणीला चिकटून उभी होती, आता हरणीएवढी दांडगी झालीय, तरी चिकटून. माझ्या ओठावर आलं होतं, ठिपकी हरणीची नाही. नुसती एवढी तीन शब्दांची गोष्ट. पण थोरल्या आईसमोर ते मी कुठल्या तोंडानं म्हणू? ते म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप येतं. ते तू एकदा म्हणालीस तेव्हापासून मी दचकून जागी होते. ते मला पुन्हा कुणाच्याच तोंडून ऐकायचं नाही, माझ्या स्वतःच्या तर नाहीच.

मी लॅपटॉप मिटला. भाकरी खाल्ली. थोरल्या आईनं निघताना विचारलं, "पुन्हा कवा येशील?" मी वाकून चपला घालत राहिले.

काळतोंडी वेगळी बांधून ठेवलीय. तिच्या पाठीवर लाल रंगाचा ठिपका मारलाय, बाजाराचा. मी जवळ गेले तर मलाही ढुशी मारली. मेली आहेच तशी.

तू सांगशील तर सांग. नाही सांगितलंस तरी मी समजेन. मॅडमना मात्र मी सांगितलं, दोघी तक्त्यातून निघणार नाहीत. त्यांनी विचारलं, आईच्या रकान्यात ठिपकीपुढं काय लिहिणार? मी म्हटलं, विचारून सांगते.

सुकन्या

पळसदेव, २४ फेब्रुवारी

सुके,

तुझी चारही पत्रं मिळाली. सिक्युरिटीवाल्या गोकुळमामांनी एकही फोडलं नाही, उगाच त्यांना नावं ठेवू नकोस. पहिली दोन मी वाचून डब्याच्या पिशवीत कोंबली होती. तिसरं वाचून बसमध्ये रडले. बाजूच्या बाईला वाटलं कंपनीनं काढून टाकलं.

काल सकाळी टेम्पो आला. तात्यांनी म्हातारी चढवली, लंगडी चढवली. काळतोंडी फळीवर पाय ठेवीना, तेव्हा तात्या मला म्हणाले, "धर गं मागनं." मी धरली आणि सोडलीच नाही. तात्या ओरडायला लागले. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. आई वाड्याच्या तोंडाशी उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही, नाहीतर माझंही तुझ्यासारखंच झालं असतं.

म्हटलं, "तात्या, ठिपकी हिची हाय. त्याच्या आदल्या साली हरणीचं जे कोकरू मेलं त्येबी हिचंच. मी माझ्या हातानं लावल्यात."

तात्या फळीवरच बसले. मग आईला म्हणाले, "गोजरे, दोन वरसं माझ्या डोळ्याम्होरं, आन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस?"

आई म्हणाली, "नाव काडलं आन् हरणीनं सोडली असती, मंग?"

तात्यांनी ठिपकीकडं बघितलं. ती हरणीच्या पोटाखाली डोकं घालून उभी होती, एवढी मोठी घोडी, दुधाचा थेंब नाही तरी ढुशा देत. आणि हरणी शांत रवंथ करत होती. तात्या म्हणाले, "एवढी वाढली आता. आता नाव काडलं म्हणून कोण सोडतंय तिला?"

एवढं बोलून त्यांनी काळतोंडीची दोरी माझ्या हातात दिली आणि टेम्पो पुढं घालवला. ती राहिली. पुढच्या वेळेला तिला बांधून घालून दोन्ही कोकरं तिलाच पाजायची, असं तात्यांनी फर्मान काढलंय. लाथा मी खायच्या, हे उघडच आहे. लाल ठिपका धुऊन जात नाही, तो तसाच आहे.

दुपारी आईनं भांडी बाहेर काढली. मग भांडी घासता घासता म्हणाली, "सुकीला बी तू आसंच बोललीस, व्हय ना? समद्या बायांम्होरं." मी हो म्हटलं. "तिनं सोडलं मला. मी न्हाय सोडलं." एवढंच म्हणाली आणि राखेचा हात तसाच डोळ्याला लावला.

मला माफी मागता येत नाही, तुला माहीत आहे. लेबलं माझी बरोबर होती हे मॅडमना सांग, माझं नाव घालून सांग. आणि एकदा तो तुझा काळा स्क्रीन मला दाखव. चार अक्षरांत अख्खी मेंढी मावते हे मला अजून पटलेलं नाही. रविवारी मला सुट्टी असते. तू ये, नाहीतर मी बारामतीला येते. ब्लॉक काढलाय.

आईच्या रकान्यात काय लिहायचं, विचारत होतीस. तुझ्या शास्त्रात ठिपकी काळतोंडीची असेल तर तसं लिही, खोटं लिहू नकोस. पण त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखून घे, कुणाच्या दुधावर वाढली त्याचा. तिथं हरणीच्या नावापुढं दोन कोकरं लिही.

आईला कुणी विचारलं ना, लेकी किती, तर ती आजही दोन सांगते.

सुप्रिया